मॅक्लारेन, ब्रूस

मॅक्लारेन, ब्रूस लेस्ली : (३० ऑगस्ट १९३७ – २ जून १९७०). न्यूझीलंडचा विख्यात मोटारशर्यतपटू, शर्यतीच्या मोटारगाड्यांचा अभिकल्पक व स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतसंघाचा संस्थापक. जन्म ऑकलंड येथे. इंग्लंडमधील गुडवुड येथे नव्या गाडीची चाचणी घेत असताना अपघात होऊन वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो मरण पावला. त्या वेळी त्याच्या संघाला जेमतेम सात वर्षे होत आली होती. शर्यतपटूंनी स्वतःच्या नावे संघ काढण्याची प्रथा त्या काळात रूढ होती. जॅक ब्रॅबम, डॅन गर्नी, जॉन सर्टीझ यांनीही असे संघ उभारले. तथापि फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतींमध्ये सर्टीझचा संघ १९७८ पर्यंत व ब्रॅबमचा संघ १९९२ पर्यंतच टिकला, तर गर्नीचा संघ त्याआधीच १९६८ मध्ये या शर्यतींतून बाहेर पडला. ज्याचा संस्थापक सर्वांत आधी गेला तो मॅक्लारेनचा संघ मात्र टिकून राहिला. त्यामुळे मॅक्लारेनचे कर्तृत्व त्याने जिंकलेल्या शर्यतींच्या गणनेपुरते मर्यादित राहत नाही. आपल्या पश्चातही चालू शकेल अशी संस्था त्याने कशी घडविली, हा त्याच्या चरित्रातील मुख्य प्रश्न ठरतो.

बालपण व जडणघडण : मॅक्लारेनचे वडील लेस यांचे ऑकलंडच्या रेम्यूएरा भागात पेट्रोलविक्रीचे ठिकाण व त्याला जोडूनच मोटारदुरुस्तीची कार्यशाळा होती. ते स्वतः हौशी शर्यतपटू होते. त्यामुळे गाड्यांची उघडझाप, सुटे भाग व हत्यारे यांच्या सान्निध्यातच मुलाचे बालपण गेले. नवव्या वर्षी त्याला नितंबसंधीचा पर्थेस हा विकार जडला. या विकारात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा रक्तपुरवठा कमी होऊन ते ठिसूळ बनते. टाकापूना येथील विल्सन होम या अपंग मुलांच्या रुग्णालयात सुमारे दोन वर्षे त्याला पाय ताणून बांधलेल्या अवस्थेत काढावी लागली. तो बरा झाला. परंतु डावा पाय कायमचा आखूड राहिला आणि चालण्यात किंचित लंगडेपणा आला. मैदानी खेळांचा मार्ग अशा रीतीने बंद झाला. मोटारगाडीत मात्र हे व्यंग आड येत नव्हते.

वडिलांनी सुट्या भागांच्या अवस्थेत विकत घेतलेली ऑस्टिन सेव्हन अल्स्टर ही जुनी गाडी बापलेकांनी मिळून जुळविली. पंधराव्या वर्षी याच गाडीतून मॅक्लारेनने टेकडीवर चढून जाण्याच्या आपल्या पहिल्या स्पर्धेत भाग घेतला. पुढे त्याने अभियांत्रिकीच्या शिक्षणास आरंभ केला. परंतु शर्यतींच्या ओढीमुळे ते अपुरे राहिले. गाडी चालविणे आणि गाडी समजून घेणे ही दोन वेगळी कामे नाहीत, ही त्याची धारणा मात्र या काळातच पक्की झाली.

यूरोपातील पदार्पण : न्यूझीलंडमधील होतकरू चालकास यूरोपात पाठविण्यासाठी तेथील शर्यत संघटनेने १९५८ मध्ये एक शिष्यवृत्ती सुरू केली. तिचा पहिला मानकरी मॅक्लारेन होता. त्याच वर्षी जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथील ग्रां प्री शर्यतीत फॉर्म्युला टू श्रेणीच्या लहान गाड्यांनाही प्रवेश होता. मॅक्लारेन त्या श्रेणीत पहिला आणि एकूण क्रमवारीत पाचवा आला. परिणामी १९५९ मध्ये इंग्लंडमधील कूपर कंपनीच्या अधिकृत संघात, ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबमचा जोडीदार म्हणून त्याला स्थान मिळाले. एंजिन चालकाच्या मागे बसविलेल्या हलक्या गाड्या बनवून चार्ल्स व जॉन कूपर या पितापुत्रांनी त्या वेळी शर्यतींचे तंत्रच पालटून टाकले होते. मोठ्या यूरोपीय कंपन्यांच्या मानाने त्यांची कार्यशाळा अगदी लहान होती. थोड्या माणसांनी, थोड्या साधनांत, परंतु अचूक विचाराने जगज्जेती गाडी बनविता येते, याचे प्रात्यक्षिकच मॅक्लारेनला तेथे पाहावयास मिळाले.

अमेरिकेतील सीब्रिंग येथे १२ डिसेंबर १९५९ रोजी झालेल्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या ब्रॅबमच्या गाडीतील इंधन अखेरच्या फेरीत संपले व मॅक्लारेन विजयी झाला. ब्रॅबमने गाडी ढकलत अंतिम रेषेपार नेली आणि चौथा क्रमांक मिळवून विश्वविजेतेपद निश्चित केले. मॅक्लारेनचे वय त्या दिवशी २२ वर्षे १०४ दिवस होते. त्या काळी विश्वविजेतेपदासाठी गणली जाणारी इंडियानापोलिसची शर्यत वगळता, ग्रां प्री जिंकणारा सर्वांत तरुण चालक हा त्याचा मान २००३ पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी स्पेनच्या फेर्नांदो आलोन्सोने हंगेरीत तो मोडला. १९६० मध्ये मॅक्लारेनने अर्जेंटिनातील शर्यत जिंकली व विश्वविजेतेपदाच्या गुणक्रमात ब्रॅबमच्या खालोखाल दुसरे स्थान मिळविले. १९६२ मध्ये त्याने मोनॅको येथेही विजय मिळविला.

संघाची स्थापना : ब्रॅबमने कूपर संघ सोडल्यानंतर त्या संघाची प्रगती मंदावली. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील उन्हाळी शर्यतींसाठी मॅक्लारेनला खास बांधणीच्या दोन गाड्या हव्या होत्या. त्याबाबत कूपर कंपनीशी त्याचे एकमत होईना. तेव्हा १९६३ मध्ये त्याने ‘ब्रूस मॅक्लारेन मोटर रेसिंग लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. लंडनच्या परिसरातील न्यू मॉल्डन येथील एका साध्या शेडमध्ये तिचे काम सुरू झाले. पुढे ते फेल्टम व नंतर कॉलनब्रुक येथे हलविण्यात आले. संघाच्या आरंभीच्या बोधचिन्हात न्यूझीलंडचा राष्ट्रीय पक्षी किवी याला स्थान देण्यात आले होते.

या पहिल्याच मोहिमेवर मृत्यूची छाया पडली. फेब्रुवारी १९६४ मध्ये टास्मानियातील लाँगफर्ड येथे सरावाच्या वेळी संघाचा दुसरा चालक, तरुण अमेरिकन शर्यतपटू टिमी मेयर, अपघातात ठार झाला. टास्मन चषक मॅक्लारेनने जिंकला. परंतु त्या यशावर या दुःखाचे सावट राहिले. मेयरविषयी त्याने लिहिलेला श्रद्धांजलीपर मजकूर मोटारशर्यतींच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. आयुष्याचे मोल त्यात केलेल्या कामावरून ठरते, केवळ वर्षांवरून ठरत नाही, असा त्याचा आशय होता. सहा वर्षांनी तेच विचार खुद्द लेखकाच्या मृत्यूप्रसंगी सर्वत्र उद्धृत केले गेले. टिमीचा थोरला भाऊ टेडी मेयर हा पेशाने वकील होता. भावाच्या मृत्यूनंतर तो या क्षेत्रातून बाहेर पडला नाही; उलट मॅक्लारेनचा भागीदार बनला व संघाचा व्यवहार त्याने हाती घेतला. टायलर अलेक्झांडर हा अमेरिकन आणि वॉली विल्मट हा न्यूझीलंडचा, असे दोन कुशल मेकॅनिक आरंभापासून सोबत होते.

कार्यपद्धती : मॅक्लारेन हा त्या काळातील सर्वांत वेगवान चालक नव्हता. जिम क्लार्क किंवा जॅकी स्ट्यूअर्ट यांच्या पंक्तीत चालक म्हणून त्याला कोणी बसविले नाही व त्याचाही तसा दावा नव्हता. त्याचे सामर्थ्य निराळे होते. गाडी वळणावर कोणत्या क्षणी, कोणत्या कारणाने पकड सोडते, हे त्याला आसनावर बसून जाणवे आणि कार्यशाळेत परतल्यावर अभिकल्पकास समजेल अशा शब्दांत सांगता येई. यामुळे संघात चाचणीला मध्यवर्ती स्थान मिळाले. हंगाम सुरू होण्यापूर्वी गुडवुडच्या धावमार्गावर गाडीच्या दीर्घ चाचण्या घ्यावयाच्या, प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवावयाची व उणिवा तेथेच दूर करावयाच्या, ही शिस्त प्रतिस्पर्धी संघांच्या मानाने कितीतरी काटेकोर होती.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे कामाची विभागणी. अभिकल्पाचे काम त्याने विमानविद्येची पार्श्वभूमी असलेल्या रॉबिन हर्ड या तरुण अभियंत्याकडे सोपविले. हर्ड हा फार्नबरो येथील शासकीय विमान संशोधन संस्थेतून आला होता. संघाच्या पहिल्या फॉर्म्युला वन गाडीच्या सांगाड्यासाठी त्याने बाल्सा लाकडाचा थर ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये चिकटवून बनविलेले, विमानबांधणीतील मॅलाइट हे साहित्य वापरले. पुढे गॉर्डन कॉपक याच्यावरही अशीच जबाबदारी सोपविण्यात आली. व्यवहार मेयर पाही, बांधणी मेकॅनिक पाहत. संघप्रमुख कार्यशाळेत हत्यारे हाती घेऊन कारागिरांच्या बरोबरीने काम करी. मात्र निर्णय एकट्याच्या मुठीत ठेवीत नसे. डेनी हल्म हा आपल्याहून वेगवान देशबांधव १९६७ मध्ये ब्रॅबमच्या गाडीतून विश्वविजेता झाला. पुढील वर्षी मॅक्लारेनने त्यालाच आपल्या फॉर्म्युला वन संघात घेतले. स्वतःच्या नावाच्या संघात स्वतःहून सरस चालकाला बरोबरीचे स्थान देण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

यशाचा काळ : फॉर्म्युला वनमधील आरंभ अडखळत झाला. मे १९६६ मध्ये मोनॅको येथे उतरलेल्या पहिल्या गाडीचा सांगाडा उत्तम असला, तरी फोर्डच्या इंडियानापोलिस एंजिनाचे आकारमान कमी करून बसविलेले एंजिन जड व दुबळे ठरले आणि तेलगळतीमुळे गाडी लवकरच बाद झाली. त्याच वर्षी फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत मात्र मॅक्लारेन व त्याचा देशबांधव ख्रिस एमन यांनी फोर्ड कंपनीच्या गाडीतून विजय मिळविला.

संघाचा खरा उत्कर्ष उत्तर अमेरिकेतील कॅनेडियन-अमेरिकन चॅलेंज चषक, म्हणजेच कॅन-ॲम मालिकेत झाला. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत एंजिनाच्या आकारमानावर फारसे निर्बंध नव्हते व बक्षिसांच्या रकमा मोठ्या होत्या. शेव्हरोले एंजिन बसविलेल्या नारिंगी रंगाच्या मॅक्लारेन गाड्यांनी १९६७ मधील सहापैकी पाच शर्यती जिंकल्या आणि मालिकेचे विजेतेपद मॅक्लारेनला मिळाले. १९६८ मध्ये ते हल्मकडे गेले. १९६९ मध्ये तर अकराच्या अकरा शर्यती संघाने जिंकल्या. त्यांपैकी सहा मॅक्लारेनने, तर पाच हल्मने. हे विजेतेपद पुन्हा मॅक्लारेनचे ठरले. या मालिकेतील उत्पन्नावर संघाचा आर्थिक पाया उभा राहिला.

कॉसवर्थ कंपनीने बांधलेले फोर्ड एंजिन १९६८ मध्ये मिळाल्यावर फॉर्म्युला वनमध्येही चित्र पालटले. बेल्जियममधील स्पा येथे ९ जून १९६८ रोजी मॅक्लारेनने स्वतःच्या नावाची गाडी चालवून ग्रां प्री जिंकली. विश्वविजेतेपदाच्या शर्यतींत असा पराक्रम त्यापूर्वी ब्रॅबम व गर्नी या दोघांनीच केला होता. आघाडीवरील स्ट्यूअर्टला अखेरच्या टप्प्यात इंधनासाठी थांबावे लागल्याचे मॅक्लारेनला कळले नव्हते. आपण दुसरे आलो, अशाच समजुतीत त्याने शर्यत संपविली व विजयाची वार्ता त्याला नंतर कळली. ग्रां प्री शर्यतींतील त्याचा हा चौथा आणि अखेरचा विजय होय. रस्त्यावर चालविण्याजोगी अतिवेगवान गाडी बनविण्याचाही त्याचा मनोदय होता. तिचा एक नमुना तयार झाला व तो स्वतः ती वापरीत असे. परंतु हे काम त्याच्या हयातीत पुढे गेले नाही.

मृत्यू : १९७० सालची सुरुवात संघाला प्रतिकूल ठरली. मे महिन्यात इंडियानापोलिस येथे सरावाच्या वेळी इंधनाच्या टाकीचे झाकण उघडून लागलेल्या आगीत हल्मचे हात गंभीररीत्या भाजले. २ जून रोजी मॅक्लारेन कॅन-ॲम मालिकेसाठी तयार केलेल्या एम-८-डी या नव्या गाडीची गुडवुड येथे चाचणी घेत होता. सरळ मार्गावर अतिवेगात असताना गाडीचे मागील आच्छादन निखळले. या आच्छादनावरच हवेच्या दाबाने मागील चाके जमिनीशी घट्ट ठेवणारा पंख बसविलेला होता. तो नाहीसा होताच गाडीचा तोल गेला व ती मार्गालगतच्या, निशाणकऱ्यांसाठी बांधलेल्या जुन्या निवाऱ्यावर आदळली. मॅक्लारेन जागीच मरण पावला. त्याच्या मागे पत्नी पॅट्रिशिया व मुलगी अमँडा ही होती. ऑकलंडमधील वाइकुमेटे दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले.

ज्या शिस्तीमुळे संघ मोठा झाला, त्याच शिस्तीचे पालन करताना त्याचा अंत झाला, ही या घटनेतील दुःखद विसंगती होय. मोटारशर्यतींच्या दृष्टीने ते वर्षच काळे ठरले. त्याच महिन्यात हॉलंडमधील झांडफोर्ट येथे पिअर्स करेज आणि सप्टेंबरमध्ये इटलीतील मोंत्सा येथे योखेन रिंट हे शर्यतपटू मृत्युमुखी पडले. धावमार्गालगतचे उघडे अडथळे, ठिसूळ सांगाडे व अपुरी वैद्यकीय मदत यांबाबत स्ट्यूअर्टप्रभृती चालक पूर्वीपासून आवाज उठवीत होते. या मृत्यूंनंतर सुरक्षिततेचा प्रश्न बाजूला सारणे आयोजकांना उत्तरोत्तर कठीण होत गेले.

मृत्यूनंतरचा संघ : अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कामावर न येण्याची मुभा असतानाही संघाचे कर्मचारी कार्यशाळेत हजर झाले. बेल्जियममधील शर्यतीतून संघाने माघार घेतली. तथापि मृत्यूनंतर बाराच दिवसांनी, १४ जून रोजी, कॅनडातील मॉस्पोर्ट येथील कॅन-ॲम शर्यतीत संघ उतरला. मॅक्लारेनच्या जागी आलेल्या डॅन गर्नीने ही शर्यत जिंकली. हल्मने भाजलेल्या हातांवर पट्ट्या बांधून गाडी चालविली व तिसरा क्रमांक मिळविला. त्या वर्षीच्या दहापैकी नऊ शर्यती संघाने जिंकल्या आणि विजेतेपद हल्मला मिळाले. १९७१ मध्ये पीटर रेव्हसनने ते संघाकडेच राखले.

ग्रां प्री शर्यतींत मात्र पुढील विजयासाठी १९७२ पर्यंत थांबावे लागले. दक्षिण आफ्रिकेत हल्मने तो मिळवून दिला. मेयरच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये ब्राझीलचा एमरसन फिटिपाल्डी विश्वविजेता झाला. निर्मात्यांचे विजेतेपद व इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही संघाने त्याच वर्षी जिंकली. १९७६ मध्ये जेम्स हंट विश्वविजेता ठरला. त्यानंतर उतरती कळा लागून १९८० मध्ये रॉन डेनिसच्या संघाशी विलीनीकरण झाले आणि मेयर १९८२ मध्ये बाहेर पडला.

डेनिसच्या काळात, १९८१ मध्ये, जॉन बर्नार्डने अभिकल्पिलेली, संपूर्ण सांगाडा कार्बन तंतूंचा असलेली फॉर्म्युला वन गाडी संघाने शर्यतीत आणली. त्याच वर्षी मोंत्सा येथील भीषण अपघातात या गाडीचे एंजिन तुटून वेगळे झाले. चालक जॉन वॉटसन मात्र सुखरूप राहिला. हलकेपणासाठी शोधलेले साहित्य चालकाच्या जिवाचेही रक्षण करू शकते, हे त्यावरून दिसून आले व अशा सांगाड्यांचा वापर पुढे सार्वत्रिक झाला. विमानविद्येतील साहित्य शर्यतीच्या गाडीत आणण्याची जी वाट हर्डने १९६६ मध्ये चोखाळली होती, तिचाच हा पुढचा टप्पा म्हणता येईल. १९८८ मध्ये आयर्टन सेना व आलँ प्रोस्त यांनी सोळापैकी पंधरा शर्यती संघाला जिंकून दिल्या. १९९८ नंतर निर्मात्यांचे विजेतेपद दीर्घकाळ हुलकावणी देत राहिले. ते २०२४ मध्ये पुन्हा मिळाले. मालकी, व्यवस्थापन, एंजिने व अभिकल्पक या काळात अनेकदा बदलले. संस्थापकाचे नाव मात्र कायम राहिले.

स्मरण व मूल्यमापन : ऑकलंडमधील एका शाळेस मॅक्लारेनचे नाव देण्यात आले आहे. न्यूझीलंडमध्ये त्याच्या नावे १९९७ मध्ये न्यास स्थापन झाला. रॉजर डोनल्डसन या दिग्दर्शकाने २०१७ मध्ये त्याच्या जीवनावर अनुबोधपट काढला आणि मृत्यूस पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०२० मध्ये, इंग्लंडमधील वोकिंग येथील कंपनीच्या मुख्यालयात त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. संघाने पुढील काळात आपल्या गाड्यांना पुन्हा जुना नारिंगी रंग दिला, तोही या स्मरणाचाच भाग होय.

अकाली मरण पावलेल्या व्यक्तीविषयी आदर सहजच दंतकथेचे रूप घेतो. मॅक्लारेनविषयीही हसतमुख, मनमिळाऊ, शत्रू नसलेला माणूस अशीच आठवण सहकाऱ्यांनी जपली. ती खरी असली, तरी केवळ सौजन्यावर संस्था टिकत नाही. ब्रॅबम, गर्नी व सर्टीझ हेही निष्णात चालक व जाणते यंत्रज्ञ होते. मॅक्लारेनच्या बाबतीत वेगळे होते ते हे की, व्यवहार, अभिकल्प व बांधणी या तिन्ही कामांसाठी स्वतंत्रपणे निर्णय घेऊ शकणारी माणसे त्याने आपल्या हयातीतच तयार केली होती. म्हणूनच २ जून १९७० रोजी संघाचा संस्थापक, प्रमुख चालक व चाचणीकार एकाच क्षणी नाहीसा झाला, तरी नंतरच्या पंधरवड्यात संघ शर्यत जिंकू शकला. नंतरच्या यशाचे श्रेय अर्थातच नंतरच्या माणसांचे आहे. ते सारे संस्थापकाच्या पदरी घालणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु ते यश ज्या संस्थेत मिळाले, ती संस्था त्या कठीण पंधरवड्यातून तरून गेली, याचे श्रेय मॅक्लारेनचेच आहे.